शांतता बदलीवर जाते तेव्हा

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली आणि भिवंडी पेटली नाही. भिवंडीचा पूर्वेतिहास पाहिला तर याचे नवल वाटते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून आणि पुन्हा मे १९८४ मध्ये उसळलेल्या दंगलींमुळे यंत्रमागांचे हे गाव ‘दंगलीचे गाव’ म्हणूनच ओळखले जाई. अयोध्येत बाबरी मशीद पाडल्याची बातमी आल्यावर पहिला भडका तिथेच उडेल, असे मानायला भरपूर कारण होते. प्रत्यक्षात भडका उडाला तो तास-दीड तासाच्या अंतरावरच्या महानगरात. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जण असे की त्यांची ओळखही पटली नाही. त्या काळात भिवंडी शांत राहिली. असे का झाले, या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक म्हणते, तिथे चांगला अधिकारी लाभला. दुसरे म्हणते, तिथल्या हिंदू-मुसलमानांनी एकोपा दाखवला. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. उरलेला अर्धा भाग शोधायचा तर शंका घेणाऱ्याशी बोलले पाहिजे. वाद मांडण्याची आपल्याकडची जुनी रीत अशी, की विरुद्ध बाजू आधी आणि तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायची. पुढचा संवाद त्याच रीतीने रचला आहे. त्यातला पूर्वपक्ष म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. सलोख्याच्या सभांना कंटाळलेल्या अनेक शहाण्या माणसांचे ते म्हणणे आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : दंगल होत नाही, ती केली जाते, हे तुम्हांला मान्य असायला हरकत नसावी. अमेरिकी अभ्यासक पॉल ब्रास यांनी अलीगढ आणि मेरठचा वर्षानुवर्षे अभ्यास करून हेच दाखवले, की तिथे दंगल घडवण्याची एक तयार यंत्रणा असते. अफवा पसरवणारे, जमाव गोळा करणारे आणि मागाहून त्याला ‘जनतेचा संताप’ असे नाव देणारे लोक ठरलेले असतात. स्टीव्हन विल्किन्सन यांनी निवडणुकांचे आकडे तपासून सांगितले, की ज्या राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते ते दंगल रोखते आणि ज्याला नसते ते हात बांधून बसते. मुंबईचेच घ्या. डिसेंबरमधला पहिला उद्रेक संतापाचा होता, पण जानेवारीतले हल्ले शिवसेनेच्या नेत्यांनी संघटित केले, असा निष्कर्ष श्रीकृष्ण आयोगाने काढला. राज्यकर्त्यांचा डळमळीतपणा आणि पोलिसांचा पक्षपात यांवरही आयोगाने बोट ठेवले. आता सांगा, अशा ठिकाणी चार मौलाना, चार महाराज आणि दहा प्रतिष्ठित यांनी एकत्र बसून चहा घेतल्याने काय होणार? सरकारला दंगल नको असेल तर समितीची गरज नाही, आणि सरकारला ती चालणार असेल तर समितीचा उपयोग नाही.

उत्तरपक्ष : तुमच्या म्हणण्याचा पहिला भाग मी जसाच्या तसा स्वीकारतो. पोलिसांना मोकळे आदेश मिळाले आणि ते त्यांनी पाळले, तर कुठलीही दंगल दिवसभरात आटोक्यात येते. हे सामर्थ्य सरकारकडेच असते आणि ते न वापरल्याचा जाबही सरकारलाच विचारला पाहिजे. पण तुमचा सिद्धांत एका जागी अडतो. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईवर आणि भिवंडीवर राज्य करणारे सरकार एकच होते. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकच होते, गृहखाते एकच, पक्ष तेच, निवडणुकांचे गणित तेच, अयोध्येची बातमीही एकाच वेळी पोचलेली. सगळे काही वरून ठरत असते, तर दोन्ही गावांची गत सारखी व्हायला हवी होती. ती वेगळी झाली, म्हणजे खाली, गल्लीच्या पातळीवर, काहीतरी वेगळे होते. काय होते, ते नोंदलेले आहे. १९८८ मध्ये भिवंडीत पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचे पुस्तकही लिहिले. तोपर्यंतची शांतता कमिटी म्हणजे पुढाऱ्यांचा मेळा असे. सणाच्या आदल्या दिवशी ती भरे, आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच बऱ्याचदा तिच्यात पुढच्या खुर्चीवर असत. खोपड्यांनी ही रचना उलटी केली. समिती गावाची नव्हे, मोहल्ल्याची. सभासद नेते नव्हेत, तर तिथे राहणारी साधी माणसे, दोन्ही धर्मांची. आणि पोलिसांच्या बाजूने बसणारा साहेब नव्हे, तर त्या भागात रोज फिरणारा शिपाई किंवा हवालदार. बैठकीत विषय निघत ते नळाचे, गटाराचे, भाड्याचे, शेजाऱ्याच्या भांडणाचे. धर्म हा विषय तिथे क्वचितच येई, आणि माझ्या मते समित्यांची ताकद नेमकी त्यात होती.

पूर्वपक्ष : गटाराच्या तक्रारीतून बंधुभाव उगवतो, हे ऐकायला गोड आहे. पण दोन शक्यता तुम्ही गाळल्या. एक म्हणजे थकवा. १९८४ च्या दंगलीत भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे मेली. एवढे सोसलेले गाव काही वर्षे आपोआप शांत राहते. दुसरी म्हणजे पोट. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, कापड विकणारा तिसरा. भिवंडीचा धंदा हिंदू आणि मुसलमान या दोघांवाचून चालतच नाही. माग बंद पडले की दोघांच्याही चुली बंद. तेव्हा लोकांनी नुकसान टाळले, एवढेच म्हणा. शिवाय एका गावाच्या उदाहरणावरून नियम कसा काढता?

उत्तरपक्ष : थकव्याने शांतता येत असती, तर १९७० च्या हत्याकांडानंतर १९८४ घडले नसते. आणि धंद्यातले परस्परावलंबन १९८८ मध्ये नव्याने निर्माण झालेले नव्हते. १९७० मध्ये माग होते, १९८४ मध्येही होते, सूत आणि कापड यांची देवाणघेवाण तेव्हाही दोन धर्मांतच चालत होती. तरीही गाव दोनदा जळाले. जी गोष्ट तिन्ही वेळी सारखीच होती, ती तिसऱ्या वेळच्या फरकाचे कारण कशी ठरेल? एका गावावरून नियम काढू नये, हे मात्र खरे. म्हणून राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्याकडे वळू. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुसलमान दंगलींची नोंद त्यांनी जमवली. तिच्यात असे दिसले, की दंगलबळींपैकी जवळपास निम्मे अवघ्या आठ शहरांत मेले आणि खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे हिंदू-मुसलमान वैर हा देशभर सारखा पसरलेला रोग नव्हे. तो काही ठिकाणी उफाळतो आणि तशाच दिसणाऱ्या शेजारच्या ठिकाणी उफाळत नाही. मग त्यांनी एक शांत आणि एक दंगलग्रस्त अशा शहरांच्या जोड्या घेतल्या. कालिकतमध्ये ८३ टक्के लोकांनी सांगितले की दोन्ही धर्मांचे लोक एकत्र जेवतात. अलीगढमध्ये असे सांगणारे ५४ टक्के होते. पण त्यांचा मुख्य निष्कर्ष त्यापुढचा आहे. एकत्र जेवणे, मुलांनी एकत्र खेळणे, सणाला घरी जाणे एवढ्यावर खेडे तरून जाते, शहर तरत नाही. शहरात माणसे एवढी असतात की सगळे सगळ्यांना ओळखूच शकत नाहीत. तिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालये, पक्षशाखा असे बांधीव संबंध लागतात. बाहेरून घाव आल्यावर टिकतात ते हे संबंध.

त्याचा पुरावा गुजरातेत मिळतो. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेच्या कडेच्या, नव्याने आलेल्या मजुरांच्या वस्त्यांत भयंकर हिंसा झाली, पण जुने शहर बव्हंशी शांत राहिले. वस्त्यांत माणसे नुकती येऊन राहिली होती आणि त्यांना एकत्र बांधणारे काही नव्हते. जुन्या शहरात मात्र व्यापाऱ्यांच्या संघटनांमध्ये दोन्ही धर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र होती. अहमदाबादची गोष्ट याच्या उलट आणि त्याहून दुःखाची आहे. १ जुलै १९४६ रोजी रथयात्रेच्या दिवशी उसळलेली दंगल थांबवताना वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी या दोन मित्रांनी एकत्र प्राण दिले. त्या शहरात तेव्हा गांधींच्या प्रेरणेने १९२० मध्ये उभे राहिलेले गिरणी कामगारांचे मजूर महाजन होते, राष्ट्रीय चळवळीच्या संस्था होत्या, खादीचे जाळे होते. पुढच्या काळात ही सगळी रचना ढिली पडत गेली. १९६९ मध्ये शहर पेटले आणि १९८० च्या दशकात गिरण्या बंद पडल्यावर उरलेसुरले बंधही तुटले. वसंत-रजब यांच्या हौतात्म्याचे स्मरण शहराने जपले, पण ज्या संस्थांतून तसे कार्यकर्ते तयार होतात त्या संस्था जपल्या गेल्या नाहीत. हौतात्म्य दुर्मिळच असणार. त्याच्या भरवशावर शहराचे संरक्षण करता येत नाही. त्यासाठी दर महिन्याला भरणारी आणि कुणाला आठवणारही नाही अशी बैठक लागते.

पूर्वपक्ष : ठीक. पण मग भिवंडीचे पुढे काय झाले, तेही सांगा. जुलै २००६ मध्ये त्याच गावात कोटरगेट भागातल्या पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव रस्त्यावर आला. जागा कब्रस्तानाची, असे स्थानिकांचे म्हणणे होते. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि नंतर जमावाने दोन पोलिस शिपायांना ठार मारले. तुमच्या त्या सत्तर समित्या तेव्हा कुठे होत्या? खरे हे आहे, की खोपड्यांसारखा माणूस होता तोवर समित्या होत्या. साहेबाची बदली झाली, शांतताही बदलीवर गेली. तुम्ही संस्थेचे गोडवे गाता, पण तुमच्या उदाहरणातून सिद्ध होते ते व्यक्तीचे महत्त्व.

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यातून माझे म्हणणे अधिक नेमके होते. आधी दोन दुरुस्त्या. खोपड्यांचे काम त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी पुढे चालू ठेवले. म्हणजे निदान एक बदली त्या समित्यांनी पचवली होती. दुसरे, २००६ चा संघर्ष हिंदू आणि मुसलमान यांच्यातला नव्हता. तो वस्ती आणि पोलिस यांच्यातला होता. पण यामुळे मी सुटत नाही, उलट अडकतोच. कारण एक भिंत, एक जमिनीचा तुकडा आणि त्यावरचा दोन बाजूंचा दावा, हा तर अगदी मोहल्ला समितीत पहिल्यांदा निघावा असा विषय. तो तिथे वेळेवर निघून मिटला नाही आणि रस्त्यावर आला, याचा अर्थ बोलण्याची वाट तोवर बुजली होती. तेव्हा तुमचे निरीक्षण खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. व्यक्ती महत्त्वाची असते ती सुरुवात करण्यासाठी. पोलिस ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवायला जिथे सामान्य माणूस घाबरतो, तिथे शिपायाला वस्तीत खुर्ची टाकून बसवायला एखादा धाडसी अधिकारीच लागतो. असे काम परिपत्रकाने सुरू होत नाही. पण चांगले नेतृत्व कोणते, याचा निकाल त्या माणसाच्या कारकिर्दीत लागत नाही. तो गेल्यावर काय उरले, यावरून लागतो. अधिकारी चार्ज देताना गुन्ह्यांची यादी देतो, शस्त्रांची देतो, प्रलंबित तपासांची देतो. मोहल्ल्यामोहल्ल्यांत कोणत्या माणसांवर वस्तीचा विश्वास आहे, कोणते वाद धुमसत आहेत, कोणत्या बैठकीत कोणते आश्वासन दिले, हे त्या यादीत नसते. ते गेलेल्या साहेबाच्या डोक्यात असते आणि त्याच्यासोबत निघून जाते. भिवंडीचा धडा मी तरी असा वाचतो.

मुंबईने या अडचणीतून एक वाट काढून पाहिली. दंगली आणि मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट यांच्यानंतर, १९९४ पासून, माजी पोलिस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. भिवंडीच्या प्रयोगापेक्षा तिची घडण वेगळी होती. ती पोलिसांसोबत काम करी, पण पोलिस खात्याच्या आत नव्हती. त्यामुळे आयुक्त बदलले तरी तिचा गाशा गुंडाळला गेला नाही. शांततेसाठी क्रिकेटचे सामने, वस्तीतल्या बायकांच्या बैठका, पोलिस आणि रहिवासी यांच्या भेटी असे तिचे काम दिसायला किरकोळ होते. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान यांनी याच सुमारास सलोख्याचे जे काम केले, त्यावर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ हा माहितीपट केला. ११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले तेव्हा मुंबईत दंगल झाली नाही. याचे सगळे श्रेय मी समित्यांना देणार नाही. पोलिस बंदोबस्त होता, राजकीय हवा १९९२ सारखी नव्हती आणि लोकही शहाणे झाले होते. पण शहाणपण एकट्या माणसाच्या मनात असले तर अफवेपुढे टिकत नाही. पलीकडच्या गल्लीत फोन करून खरे-खोटे विचारता येईल असा माणूस ओळखीचा असावा लागतो. तो ओळखीचा करून ठेवण्याचे काम या चळवळीने बारा वर्षे केले होते.

पूर्वपक्ष : संस्था, संस्था असे तुम्ही म्हणता, पण सरकारने संस्था केली की तिचे काय होते तेही आपण पाहिले. १५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. हेतू चांगला. पण गावाला बक्षीस लावले की तंटा कागदावर मिटवण्याचा मोह होणार, आणि दुबळ्याला ‘गावाची अब्रू जाते’ म्हणून तक्रार मागे घ्यायला लावले जाणार. दुसरी गोष्ट अशा समित्यांत बसणाऱ्यांची. आंतरधर्मीय म्हटले की एका बाजूला मौलाना, दुसऱ्या बाजूला महाराज. सुधारकाला जागा नाही, बाईला नाही, परगावाहून आलेल्या मागवाल्या मजुराला नाही, दलिताला नाही. म्हणजे सलोख्याच्या नावाखाली तुम्ही प्रत्येक जमातीची मालकी तिच्या धर्मगुरूंच्या हाती देता. धर्मांमध्ये शांतता आणि धर्माच्या आत दडपण, हा सौदा मला मान्य नाही.

उत्तरपक्ष : मलाही नाही. बक्षिसाने शांतता विकत घेता येत नाही, कारण बक्षीस तंट्यांची संख्या मोजते आणि समितीचे खरे काम मोजता येत नाही. वस्तीतून तक्रारी वाढल्या तर ते समिती अपयशी ठरल्याचे नव्हे, लोक बोलू लागल्याचे लक्षण असू शकते. म्हणून समितीला बक्षीस नको, दप्तर हवे : बैठक कधी झाली, कोण आले, काय ठरले, त्याचे पुढे काय झाले. धर्मगुरूंबद्दलच्या तुमच्या शंकेला माझे उत्तर असे, की समिती धर्माच्या हिशोबाने नव्हे, वस्तीच्या आणि कामाच्या हिशोबाने निवडावी. दोन्ही धर्मांची माणसे त्यात असावीत, पण ती धर्माचे वकील म्हणून नव्हेत. शिक्षिका, दवाखाना चालवणारी डॉक्टर, सायझिंगमधला मुकादम, रिक्षावाला, पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी बाई, ही माणसे वस्ती जाणतात. धर्मगुरूंना मात्र एक मर्यादित काम आहे, आणि ते त्यांच्यावाचून कुणी करू शकत नाही. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईत एका बाजूला विसर्जनाची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला जुलूस, हे किती पोलिसांनी सांभाळले असते? खिलाफत कमिटी आणि मुस्लिम समाजातल्या जाणत्यांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले, आणि राज्य सरकारनेही ईदची सुटी २९ तारखेला केली. २०२४ मध्येही ईद विसर्जनाच्या आदल्या दिवशी आली, आणि पुन्हा जुलूस विसर्जनानंतर निघाला. हा निर्णय पोलिसांनी लादला असता तर तो अपमान ठरला असता. समाजाने आपणहून घेतला म्हणून तो मोठेपणा ठरला. पण हेही नमूद केले पाहिजे, की असा मोठेपणा नेहमी एकाच बाजूने दाखवायचा नसतो. उद्या गणेशमंडळांवर तशी वेळ आली, तर मिरवणुकीचा मार्ग किंवा वेळ त्यांनीही बदलली पाहिजे. सहकार्यात परतफेड नसेल तर ते हळूहळू एका बाजूची शरणागती बनते.

पूर्वपक्ष : शरणागतीचा शब्द तुम्हीच काढलात, तेव्हा शेवटचा आणि मोठा आक्षेप घेतो. तुमच्या शांततेत न्याय कुठे आहे? १९७० च्या भिवंडीबाबत न्यायमूर्ती मादन आयोगाने तपास पथकाचा जातीय पक्षपात उघड केला. श्रीकृष्ण आयोग १९९६ मध्ये सरकारने गुंडाळला, मग तो पुन्हा सुरू झाला, १९९८ मध्ये अहवाल आला, आणि बहुतेक शिफारशी कपाटात गेल्या. बेपत्ता म्हणून नोंदलेल्या १६८ जणांपैकी बऱ्याच जणांच्या कुटुंबांना भरपाईसाठी तीस वर्षे वाट पाहावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावे लागले, की त्यांना शोधा आणि पैसे द्या. ज्याचे घर जळाले त्याला तुम्ही जाळणाऱ्याच्या शेजारी बसवून गटाराबद्दल बोलायला सांगता. ही शांतता नव्हे, गप्प बसवणे आहे.

उत्तरपक्ष : या आक्षेपापुढे मी माझी बाजू ताणणार नाही. मोहल्ला समिती हे न्यायालय नव्हे आणि तिने ते होऊही नये. खून, जाळपोळ, बलात्कार यांत तडजोड घडवण्याचा अधिकार कुणालाही नाही. जी समिती पीडिताला ‘जाऊ द्या, मिटवा’ म्हणते, ती दंगलखोरांचेच काम करते. पण न्याय आणि समित्या या परस्परांना पर्याय नाहीत, हेही पाहा. मादन आणि श्रीकृष्ण या दोन्ही अहवालांतून एक गोष्ट निघते : खटले कोसळले ते बऱ्याच अंशी तपासच नीट झाला नाही म्हणून. साक्षीदार कधी उभा राहतो? शेजारच्या इमारतीतला दुसऱ्या धर्माचा माणूस आपल्या पाठीशी आहे आणि पोलिस ठाण्यातला हवालदार आपल्याला ओळखतो, असे त्याला वाटते तेव्हा. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना ओळखत नसतील तर हिंदूच्या बाजूने मुसलमान आणि मुसलमानाच्या बाजूने हिंदू साक्ष देणार नाही, आणि खटला दोन जमातींच्या आरोप-प्रत्यारोपांत विरून जाईल. उलट, न्याय झालाच नाही तर समितीही कुजते, हे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. म्हणून चांगल्या नेतृत्वाची खरी कसोटी बैठक घेण्यात नाही. आपल्याच खात्यातल्या चुकार अधिकाऱ्यावर, आपल्याच पक्षाच्या चिथावणीखोर नेत्यावर गुन्हा नोंदवण्यात आहे. सलोख्याच्या सभेत भाषण करणारा मंत्री ते करत नसेल, तर त्या सभेचा उपयोग त्याला होतो, वस्तीला नाही.

पूर्वपक्ष : इतके मान्य केल्यावर एक व्यावहारिक अडचण उरते. तुमचा मोहल्ला आता राहिलाच कुठे? १९९३ नंतर किती मुसलमान कुटुंबे मुंबई सोडून मुंब्र्याला गेली. सोसायट्यांमध्ये दुसऱ्या धर्माच्या माणसाला घर मिळत नाही. वस्त्याच वेगळ्या झाल्या, तर मिश्र मोहल्ला समिती कुणाची करणार? आणि अफवा आता गल्लीतून येत नाही. कुठल्यातरी दूरच्या शहरातला जुना व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आणि इथे दगड उचलला जातो.

उत्तरपक्ष : घरांची ही फाळणी हे आपल्या शहरांचे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत कमी बोलले गेलेले नुकसान आहे, आणि त्यावर समित्या हा उपाय नाही, त्यासाठी घर नाकारणाऱ्या सोसायटीला कायद्याने रोखावे लागेल. पण राहण्याची जागा वेगळी झाली तरी कामाची जागा अजून बरीचशी एक आहे. बाजार, रिक्षातळ, रुग्णालय, यंत्रमाग संघटना, शाळेची पालकसभा, महापालिकेचा प्रभाग, इथे दोन्ही धर्मांची माणसे आजही समोरासमोर येतात. सुरतेच्या जुन्या शहराला तारले ते व्यापाऱ्यांच्या संघटनांनी, शेजाराने नव्हे. तेव्हा उद्याची समिती गल्लीऐवजी धंद्यावर आणि प्रभागावर उभारावी लागेल, आणि तिच्यात तरुण हवेत, कारण व्हिडिओ त्यांच्याच हातात येतो. मोबाइलवरच्या खोट्याला सरकारी खुलाशाने फारसे उत्तर मिळत नाही. ज्याच्यावर आधीपासून विश्वास आहे त्या माणसाने ‘हा जुना आहे, मी चौकशी केली’ असे त्याच गटावर लिहिले तर मिळते. तो विश्वास दगड उचलला जाण्याच्या क्षणी तयार करता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती सरकार, पोलिस आणि धर्मसंस्था या तिघांकडेही आहे. पोलिस ठाण्याचा कार्यभार बदलताना समित्यांचे दप्तर नव्या अधिकाऱ्याच्या हाती रीतसर दिले जावे आणि पहिल्या महिन्यात त्याने प्रत्येक समितीत जाऊन बसावे. समितीची नेमणूक एकट्या पोलिसांच्या मर्जीवर नसावी, तिच्यात बायका आणि मजूर असावेत आणि पक्षाचे पदाधिकारी नसावेत. धर्मसंस्थांनी मिरवणुकांचे मार्ग, वेळा आणि ध्वनिक्षेपक यांविषयीचे निर्णय वर्षाच्या सुरुवातीला, भांडण नसताना, एकत्र बसून घ्यावेत. पूर्वपक्षाला हे पुरेसे वाटणार नाही. राजकारण्याने ठरवले तर तो हे सगळे मोडून टाकील, असे तो म्हणेल. मोडूही शकेल. पण जो मोडील त्याला काहीतरी किंमत मोजावी लागावी, लपूनछपून मोडता येऊ नये, एवढे या रचनेने नक्की साधते. तुमच्या गावात शांतता कितपत पक्की आहे हे तपासायचे असेल, तर शेवटची समिती बैठक कधी झाली ते विचारा. गणपती किंवा ईद यांच्या आदल्या दिवशी, असे उत्तर आले तर चिंता करा. मागच्या महिन्यात, आणि विषय पाण्याच्या टँकरचा होता, असे उत्तर आले, तर त्या गावाकडे अडीअडचणीच्या दिवसासाठी काहीतरी शिल्लक आहे, असे समजायला हरकत नाही.